मालनला सांगितलेलं मराठी

पंतनगर, घाटकोपर
९ फेब्रुवारी २०२५

श्रुतिका बाळ,

आशीर्वाद लिहायचा हक्क माझ्याकडे उरलाय की नाही ठाऊक नाही, पण हाताला सवय आहे, तेव्हा लिहिला असं समज.

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. "बाबा, २२ नोव्हेंबरला सकाळी तुम्ही काय ऐकलंत ते कोर्टात सांगणार का? हो की नाही, एवढंच लिहा." फोनवर तू आम्हाला ब्लॉक केलंस ते बरोबरच केलंस. पण एका शब्दात उत्तर द्यायला मला कधी आलंय का गं? पाणी मागायचं तरी मी विहिरीपासून सुरुवात करतो, असं तूच म्हणायचीस.

जबड्याची तार निघाली का? मालन रोज विचारते, माझी सून आता घास चावते की अजून पेजच. डाव्या कानाचं तुझ्या मधुवंती वकिलांनी सांगितलं. पडदा फाटलाय, ऐकू येईल न येईल. त्या दिवशी मी चहा घेतला नाही.

२६ मार्चची तारीख माझ्या डोक्यात पक्की आहे. आमच्या सुबोधने अर्ज केलाय, राधा दर शनिवार-रविवार इथे राहायला हवी म्हणून. त्याच्या वकिलाचा सगळा भार माझ्या एका कागदावर आहे. हॉस्पिटलात पोलिसांना मी जबाब दिला, 'सून बाथरूममध्ये साबणावरून घसरून पडली.' खाली सही, धाकू विठू घाडी, इंग्रजीत, झोकदार. तो कागद टिकला तर राधा दर आठवड्याला या घरात येणार. आणि तुझ्यापासून काय लपवू, ती यावी असं मला वाटतं. सहा वर्षांची पोर घरातून गेली की भिंतीसुद्धा बोलायच्या थांबतात.

तर मी काय ऐकलं. दार बंद होतं, श्रुतिका. आतलं मला दिसलं नाही. ऐकू आलं ते इंग्रजीत, आणि इंग्रजीत माणूस रागावला की काय काय बोलतो ते तुला मी सांगायला नको. तू शाळेत तेच शिकवतेस.

माझी पहिली वही आठवते ना? गिरणी बंद पडली, अंधेरीला कपाडिया साहेबांच्या कंपनीत शिपाई म्हणून लागलो, तेव्हा मला फक्त 'येस सर' येत होतं. एक दिवस साहेब फोनवर ओरडले, 'हेड्स विल रोल!' 'हेड' म्हणजे मुंडकं एवढं ठाऊक, मला वाटलं, खून पडला. खाली जाऊन वॉचमनला गेट बंद करायला लावलं. सगळं ऑफिस पोट धरून हसलं. त्या संध्याकाळी वही घातली. ऐकलेलं वाक्य, तारीख, कोण बोललं, आणि आपल्यात तेच कसं म्हणतात. 'हेड्स विल रोल'समोर लिहिलं, 'एकेकाला बघून घेईन'.

वह्या भरत गेल्या तसं एक लक्षात आलं. इंग्रज माणूस बोलताना सारखं काहीतरी मोडतो, कापतो, पुरतो. आणि आपण काय कमी? तंगडं मोडीन, मुस्काट फोडीन, सोलून काढीन, हे माझी आई दिवसातून दहादा म्हणायची आणि त्याच हाताने पेज वाढायची. मी धरून चाललो की माणसं बोलतात तेवढं करत नाहीत. सुबोधचंही तसंच असेल असं वाटलं. तो मुळात तसा नाही गं.

तू नवीन आलीस तेव्हा चहाच्या वेळी आपला खेळ असायचा. तू इंग्रजी टाकायचीस, मी मराठी. 'बटरफ्लाइज इन माय स्टमक' म्हणालीस तेव्हा मी म्हटलं, 'पोटात गोळा आला.' मालन आतून ओरडली, "पोटात पाकोळ्यो? काय खाल्ल्यान तिना?" तू इतकी हसलीस की चहा नाकातून आला.

मालन जेवायला हाक मारतेय. तुझं उत्तर राहून गेलं.

तुझे बाबा

*

१६ फेब्रुवारी

श्रुतिका,

माझं पत्र परत आलं. तू एक अक्षर लिहिलं नाहीस, नुसती एका वाक्याखाली लाल रेघ मारलीस. 'दार बंद होतं.' शाळेत चुकीखाली मारतात तशी. का मारलीस ते मला कळलं नाही.

पण रेघ बघून रात्र काढली, आणि एक गोष्ट तुला सांगायची ठरवली. ती तू कधी विचारली नाहीस, कारण तुला ती माहीतच नसणार.

सुबोध तुझ्याशी भांडायचा तो कायम इंग्रजीत. मला वाटायचं, इंग्रजी शाळेत घातलेलं पोर, रागसुद्धा त्याच भाषेत येतो. आता कळतं, मालनला कळू नये म्हणून. तुमच्या खोलीची आणि आमच्या खोलीची भिंत म्हणजे पुठ्ठा. तो बोलायला लागला की मालन माझ्याकडे बघायची. "अहो, काय म्हणता तो?" आणि मी तिला सांगायचो. घरचा दुभाषी मी.

वही क्रमांक एकोणतीस समोर आहे. नोंदी जशाच्या तशा उतरवतो.

१४ जून २०१९, सकाळी आठ. सुबोध: 'वन मोर वर्ड अँड आय विल शट इट फॉर यू.' मग स्टीलचं भांडं पडावं तसा आवाज, पण भांड्याचा नव्हे. मालनला सांगितलं, टॉवेल सापडत नाही म्हणतोय. मालन म्हणाली, "मगे माझो दी तेका," आणि टॉवेल घेऊन तुमचं दार वाजवलं. सुबोधने दार फटीएवढं उघडलं, टॉवेल घेतला, "थँक यू, आई" म्हणाला. तू दाराच्या मागे होतीस. राधा तेव्हा दहा महिन्यांची, ती रडत होती.

३ ऑगस्ट २०२१. 'आय विल टीच यू अ लेसन यू वोन्ट फर्गेट.' त्यानंतर पट्टा. पट्ट्याचा आवाज मला ओळखू येतो, गिरणीत मशीनचा पट्टा तुटला की तसाच यायचा. नऊ वेळा. मालनला सांगितलं, गादी झटकतोय.

१९ जानेवारी २०२३. 'लुक व्हॉट यू मेड मी डू.' ते बोट तेव्हाचं, तुझी मोडलेली करंगळी. मालनला सांगितलं, त्याच्या हातून कप फुटला.

सुबोधच्या नावावर त्रेसष्ट नोंदी आहेत, बाळा. प्रत्येकीवर तारीख आहे. मी त्या पुरावा म्हणून ठेवल्या नव्हत्या. मी त्या शिकायला ठेवल्या. हेही लिहितो: पहिल्या नोंदीसमोर मी शेरा मारलाय, 'छान वापर'. पोराचं इंग्रजी किती सफाईदार, म्हणून माझी छाती भरून आली होती. भिंतीपलीकडे तुझं तोंड फुटत होतं.

तू म्हणशील, बाबा, तुम्हाला कळत कसं नव्हतं? कळत होतं. मला हे आधी एकदा कळलं होतं. कपाडिया साहेबांकडे कामगार आणि साहेब यांच्यामध्ये मीच असायचो. साहेब शिव्या देत, मी त्याचं मराठी करताना अर्धं पाणी घालायचो. कामगार शिव्या देत, त्याचं इंग्रजी करताना पाऊण. लोक म्हणायचे, धाकूभाऊ आहे म्हणून गेटवर मारामारी होत नाही. मला ते फार गोड लागायचं. मग युनियनच्या धोंडूबद्दल साहेब एकदा म्हणाले की त्याला इथून स्ट्रेचरवर पाठवतो. बाहेर धोंडू उभा. "काय म्हणाले रे साहेब?" मी म्हटलं, "तापलेत जरा. उद्या ये, थंड होतील." तो दुसऱ्या दिवशी आला. गेटच्या आत चार माणसं सळ्या घेऊन उभी होती. गुडघ्याची वाटी फुटली त्याची, पुढचे दात मी स्वतः मातीतून वेचून रुमालात बांधले. तो आयुष्यभर मला 'भाऊ' म्हणाला, कारण हॉस्पिटलात मीच त्याला नेलं. साहेब खरं काय बोलले होते, ते त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

एवढं होऊनही मी पाणी घालायचं सोडलं नाही. उलट मी ते घरी आणलं.

आणि ती सकाळ. गेल्या वर्षीची, होळीच्या आधीची. बऱ्याच दिवसांनी मी म्हटलं, चल, एखादं टाक बघू. तू पोळपाटावरून मान वर न करता म्हणालीस, 'वॉकिंग ऑन एगशेल्स'. मी खूश. म्हटलं, 'जीव मुठीत धरून वावरणं', जमलं का? वाक्यात उपयोग कर. तू म्हणालीस, "आय ॲम." मी म्हटलं, "असं काय, पुरं वाक्य कर गं!" तू पुरं केलं नाहीस. लाटणं फिरवत राहिलीस. मी वहीत 'उदाहरण राहिलं' असं लिहून ठेवलं.

हे सगळं मालनला ठाऊक नाही. तिचं हृदय पंचवीस टक्के कमी चालतं, डॉक्टर म्हणाले होते धक्का देऊ नका. हे कारण मी सहा वर्षं वापरलं.

हो की नाही ते अजून लिहवत नाही. एकुलता एक आहे तो आमचा.

बाबा

*

३ मार्च

श्रुतिका,

हो.

आता बाकीचं ऐक. काल कोर्टाच्या परवानगीने राधा आली होती, अकरा ते चार. तुझी आई खाली गेटपाशी खुर्ची टाकून बसली होती, तेव्हा पोर परत आल्यावर तिच्या मनगटावरचा वळ तू पाहिला असशीलच. आमच्याकडून कोणी सांगायचं तर मी सांगतो.

मालनने शिरवाळे केले होते, त्या शेवयांबरोबरचा नारळाचा रस राधाला आवडतो म्हणून. ती वाटी घेऊन सुबोधच्या बाजूला बसली आणि वाटी कलंडली, लॅपटॉपवर. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने तिचं मनगट धरलं, पिळलं, तिला स्वतःकडे ओढून घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, 'यू आस्क्ड फॉर इट. डू आय हॅव टू नॉक सम सेन्स इन्टू यू टू?'

राधाने दुसरा हात उचलून कान झाकला. एकच, कारण दुसरा हात त्याच्याकडे होता. माझ्याकडे बघून ती मला समजावल्यासारखं म्हणाली, "आजोबा, बाबा हळू बोलले की कान झाकायचे असतात."

स्वयंपाकघरातून मालनचा आवाज आला. "अहो, काय म्हणता तो?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. रस सांडला म्हणतोय. तेवढंच म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं. सवयीने जीभ वळलीसुद्धा. पण ते इंग्रजी मी २२ नोव्हेंबरला ऐकलं होतं, तेच शब्द, तोच हळू आवाज, फक्त शेवटचा 'टू' नवीन. तुलाही, म्हणजे आईसारखं.

मी मोठ्याने म्हटलं, "तो राधाला म्हणतोय, तुझंही डोकं भिंतीवर आपटू का? श्रुतिकाचं आपटलं होतं, तसं."

मालन बाहेर आली ती हातात काविलथा घेऊन, घावणे उलटायचा, तव्यावर तापलेला. सुबोधच्या मनगटावर सपकन मारला. कातडी चिकटून आली त्याला. त्याने हात सोडला आणि आईला ढकललं. मालन टीव्हीच्या टेबलावर जाऊन आपटली, कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त. तरी उठली. राधाला कडेवर मारली आणि रक्ताच्या डोळ्याने तशीच जिना उतरून गेली, लिफ्टसाठी थांबलीसुद्धा नाही. नऊ मजले. पंचवीस टक्के कमी हृदय घेऊन.

मी दार अडवून उभा राहिलो. सुबोध नळाखाली हात धरून मला म्हणाला, "बाबा, तुम्ही काय केलंत कळतंय का? ट्रान्सलेशन चुकीचं आहे. ते फिगरेटिव्ह होतं. तुम्हाला तर माहितेय."

मी म्हटलं, "चाळीस वर्षं हेच करतोय रे. चुकलं नाही."

आज सकाळी मधुवंती वकिलांच्या ऑफिसात वही क्रमांक एकोणतीस देऊन आलो. त्यांनी त्रेसष्टच्या त्रेसष्ट नोंदी वाचल्या, मग चष्मा काढून म्हणाल्या, "काका, 'छान वापर'? हेही कोर्टात जाणार. तुमची बरीच शोभा होईल." म्हटलं, होऊ दे.

दाराबाहेर उभं राहून जे ऐकलं ते सगळं सांगेन. २२ तारखेचंही.

बाबा

*

११ मार्च

श्रुतिका,

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर पोराटोरांसारखं आलंय.

वहीची प्रत कोर्टाकडून सुबोधच्या वकिलाला गेली. शनिवारी सकाळी तो माझ्या खोलीत आला. मालन बाजारात. त्याने विचारलं, वही कुठे आहे. दिली, म्हटलं. बाकीच्या कुठे. कपाटात, म्हटलं. मी कपाट उघडायला गेलो तेव्हा त्याने माझा उजवा हात दाराच्या चौकटीत धरला, लोखंडी कपाट, तुला माहीत आहे किती जड, आणि गुडघ्याने दार लावलं. उघडलं, परत लावलं. तीनदा. तीन बोटं मोडली. तर्जनी, मधलं, अनामिका. लिहायचीच नेमकी.

पहिल्यांदा मी ओरडलो. दुसऱ्यांदा आवाज निघाला नाही. तिसऱ्यांदा मला माझ्या हाडाचा आवाज ऐकू आला आणि वाटलं, हा मी आधी ऐकलाय. करंगळीचा. फुटलेला कप.

तो रडत होता गं. मारताना रडत होता. इंग्रजीत काही बोलला. लिहून ठेवायला हात नव्हता.

शेजारच्या भीमराजने दार तोडलं. त्याने आणि त्याच्या जावयाने सुबोधला खाली पाडून धरला, कोपराने त्याचं नाक फोडलं. पोलीस आले. हवालदार म्हणाला, आजोबा, कपाटात हात अडकला का?

म्हटलं, नाही. मुलाने मोडला. लिहा.

एवढंच. खूप ठणकतंय.

बाबा

*

२० मार्च

श्रुतिका,

हे पत्र मालनच्या हातचं आहे. डाव्या हाताचं लिहिलेलं मलाच वाचता येईना, म्हणून मी सांगतोय आणि ती लिहितेय. चौथी शिकलेली आहे, सावकाश लिहिते, तेव्हा मला सावकाश सांगावं लागतं. पळवाटा काढायला वेळ खूप मिळतो आणि एकही काढता येत नाही.

सुबोध जामिनावर सुटला, मुलुंडला मित्राकडे आहे. कोर्टाने या घराच्या आसपास फिरकायचं नाही असं सांगितलंय. २६ तारखेला तो समोर असेल. मी तयार आहे. त्रेसष्ट वाक्यं, त्रेसष्ट तारखा. मधुवंती वकील म्हणाल्या, काका, प्रत्येकाचं मराठी जज साहेबांना तुम्हीच सांगा, जसं आहे तसं.

पण काल त्यांनी मला २२ नोव्हेंबरची उजळणी करायला लावली. तुम्ही कुठे होतात? दाराबाहेर. दार कसं होतं? बंद. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढे गेल्या. तेव्हा मला कळलं की तू त्यांना सांगितलेलं नाहीस. सगळं सांगितलंस, हे सोडून. लाल रेघ फक्त माझ्यासाठी मारलीस. मी होऊन सांगतो का ते बघत होतीस, की मला वाचवत होतीस, ते मला समजत नाही आणि विचारायचं तोंड नाही.

तर आता मालनच्या हाताने लिहितो.

दार उघडं होतं. मी पेपर घेऊन पॅसेजमध्ये आलो. सुबोधने तुझे केस मुठीत धरले होते आणि तुझं तोंड बेसिनच्या कडेवर होतं. पहिला दणका बसून गेला होता. तुझा एक दात बेसिनमध्ये होता, पांढऱ्यावर पांढरा, तरी मला दिसला. तू मला पाहिलंस. "बाबा" म्हणालीस. स्पष्ट म्हणालीस, जबडा तेव्हा अजून शाबूत होता.

मागून मालन आली, "काय झाला?" म्हणत. मी दाराची मूठ धरली आणि दार ओढून घेतलं. मी. सुबोधने नाही. मालनला म्हटलं, काही नाही, साबणावरून घसरली. आणि मूठ धरून उभा राहिलो. तू आतून दार खेचलंस. मला ते हाताला लागलं. मी सोडलं नाही. त्यानंतर तीन दणके झाले. जबडा त्यातला कोणता, कान कोणता, ते मला माहीत नाही, पण तिन्ही माझ्या हातातून गेले. दार थरथरायचं.

पोलिसांना दिलेलं वाक्य मी हॉस्पिटलात रचलं नव्हतं. ते मी मालनला आधीच सांगून बसलो होतो. पोलिसांना फक्त परत सांगितलं.

२६ तारखेला हे सांगणार आहे. मधुवंती वकिलांना आज फोन केला. त्यांनी सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, काका, यात तुम्हीही आरोपी होऊ शकता. म्हटलं, मग करा.

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल.

धाकू

ता. क. हे पुढचं मी माझ्या मनाने लिहिते, मालन. हे पलंगावर झोपलेत, मी त्यांना वाचून दाखवणार नाही. पत्रात चांगलं लिहायचं असतं म्हणून शाळेतल्यासारखं लिहिते.

श्रुतिका, यांनी दाराचं सांगितलं तेव्हा माझा हात थांबला. त्यांना वाटलं, मला धक्का बसला. पाणी देऊ का म्हणाले, उठायला लागले त्या मोडक्या हाताने. मी म्हटलं, पुढे सांगा.

मला धक्का बसला नाही. मी तिथेच होते, दोन पावलांवर. त्यांनी मूठ कशी धरली होती ते मी पाहिलं. घसरलेल्या माणसासाठी कोण असं दार धरून ठेवतं? दाराखालून पाणी आलं, लाल. मी फडका आणला आणि पुसलं. दोनदा पिळला. मग चहा ठेवला.

तुला वाटत असेल, आईला इंग्रजी येत नाही, आईला काय कळणार. हेही तेच समजत आलेत. पण पोरी, माका इंग्रजी येणा नाय, थप्पड समाजता. थप्पडीक भाषा लागणा नाय. पहिल्या दिवशी टॉवेल घेऊन मी तुमच्या दारापर्यंत का आले असेन? फटीतून तुझे पाय दिसले मला. जमिनीवर होतीस. मी टॉवेल दिला आणि परत आले.

मी यांना दर वेळी विचारायची, काय म्हणतो तो. ते चांगलं काहीतरी सांगतील हे माहीत असायचं म्हणून विचारायची. ते सांगायचे, मी मान डोलवायची, मग आम्ही दोघं चहा प्यायचो. टॉवेल, गादी, कप. कधी त्यांना लवकर सुचायचं नाही तेव्हा मी मुद्दाम खोकायची, वेळ मिळावा म्हणून. त्यांनी एकट्याने नाही केलं ते. आमी दोघांनी केला.

राधाच्या वेळी मी विचारलं तेव्हासुद्धा खोटंच ऐकायचं होतं मला. त्यांनी खरं सांगितलं. तेव्हा हातात काविलथा होता म्हणून, नाहीतर काय केलं असतं देव जाणे.

कपाळाला पाच टाके पडलेत, भरून आले. मी ठीक आहे.

मधुवंतीबाईंना सांग, साक्षीत माझंही नाव घाला. लाल पाण्याचं मी सांगते, आणि तुझ्या पायांचं, आणि ज्या ज्या दिवशी मी ऐकलं त्या दिवसांचं. मला तारखा येत नाहीत, पण कोणत्या सणाच्या आधी आणि काय शिजवत होते ते सगळं आठवतं. जज साहेबांना म्हणावं, मला मराठीत विचारा, मी मराठीत सांगेन. मधे कोणी उभं करू नका.

मालन